चाळीस अंशांच्या खालचा उन्हाळा

फेब्रुवारी संपता संपता भारतीय हवामान विभाग उन्हाळ्याचा अंदाज जाहीर करतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्याचे मथळे साधारण एकाच वळणाचे असतात: यंदाचा उन्हाळा कडक, पारा सरासरीच्या वर, उष्णतेच्या लाटांचे दिवस अधिक. मथळ्याखाली देशाचा नकाशा असतो, त्यावर पिवळ्यापासून गडद तांबड्यापर्यंत पट्टे असतात, आणि आपला जिल्हा कोणत्या रंगात पडला आहे एवढे पाहून वाचणारा पान उलटतो. मला तसे पान उलटता येत नाही. माझे माहेर अकोल्याचे, सासर राजापूर तालुक्यातले, मावशी अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यात आणि आमचा संसार डोंबिवलीत. त्यामुळे हवामान विभागाने महाराष्ट्राचे जे चार भाग पाडले आहेत, त्यांपैकी विदर्भ, कोकण आणि मराठवाडा या तिन्हींत माझे कोणी ना कोणी उन्हाळा काढत असते. या तीन उन्हाळ्यांना कमाल तापमानाच्या एकाच आकड्याने मोजणे किती अपुरे आहे, हे मला दरवर्षी मार्च ते जून या काळात प्रकर्षाने जाणवते, आणि हा आकडाच आपण उन्हाळ्याचे सर्वस्व मानल्यामुळे माणसे विनाकारण आजारी पडतात, कधी दगावतात, असे माझे ठाम मत झाले आहे.

मुळात तो अंदाज काय सांगतो, हे नीट समजून घ्यायला हवे. मार्च ते मे या तीन महिन्यांतले कमाल आणि किमान तापमान नेहमीपेक्षा अधिक राहील, नेहमीइतके राहील की कमी राहील, या तीन शक्यतांपैकी कोणत्या शक्यतेकडे पारडे झुकले आहे, एवढेच त्यात सांगितलेले असते. गडद तांबडा रंग म्हणजे तिथे आगीचा वर्षाव होणार, असा अर्थ नसतो. तिथल्या नेहमीच्या मानाने अधिक ऊब राहण्याची शक्यता मोठी, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून एखाद्या वर्षी हिमालयाच्या पायथ्याचा थंड जिल्हा गडद दिसू शकतो आणि चंद्रपूर फिकट, तरीही प्रत्यक्षात घाम चंद्रपूरकरांनाच फुटणार असतो. प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा अधिक तापण्याची एल निनो ही स्थिती आहे की नाही, हिंदी महासागराचे पाणी किती तापले आहे, पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणाऱ्या वादळी हवेच्या लहरी, म्हणजे पश्चिमी झंझावात, किती सक्रिय राहतील, या गोष्टींचा हिशेब करून काढलेला तो कल असतो. अमुक तारखेला अमुक गावी किती तापेल, हे तो सांगत नाही आणि सांगू शकतही नाही. त्यासाठी दर गुरुवारी येणारा पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज, रोजचा पुढच्या काही दिवसांचा अंदाज आणि वादळ जवळ आल्यावर दिला जाणारा तीन तासांचा इशारा अशा पुढच्या पायऱ्या आहेत. उन्हाळ्यात जीव वाचतो तो या खालच्या पायऱ्यांवर, पण मथळा मिळतो वरच्या पायरीला.

आता अकोल्याची गोष्ट. पूर्णेच्या खोऱ्यातले हे गाव एप्रिल-मेमध्ये देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत वरचेवर असते आणि ४४ अंश हा आकडा तिथे कोणी बातमी म्हणून सांगत नाही. मार्चच्या मध्यावर घरोघरचे लोखंडी कूलर माळ्यावरून किंवा गच्चीवरून खाली उतरतात, त्यांचा गंज घासून रंग दिला जातो, आणि बाजारातून वाळ्याच्या किंवा लाकडाच्या बारीक सालपटांच्या नव्या ताट्या येतात. पहिल्या दिवशी त्या ताट्यांवरून पाणी झिरपू लागले की सबंध घरात ओल्या वाळ्याचा वास भरतो. खिडकीबाहेर ठेवलेल्या कूलरचा पंप खालच्या टाकीतले पाणी उचलून ताट्यांवर सोडत राहतो, पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या ताट्यांतून आत ओढतो, आणि वाटेत पाण्याची वाफ होताना त्या हवेतली उष्णता काढून घेते. बाहेर ४४ अंश असताना समोर बसलेल्या माणसाला जी हवा लागते, ती तिशीच्या आतली असते. आई दुपारी जेवणे आटोपली की दारे लावून कूलरसमोर चटई टाकायची आणि आम्ही भावंडे पाच वाजेपर्यंत तिथून हलायचो नाही. हे सगळे साधते ते हवा कोरडी असल्यामुळे. आर्द्रता दहा-पंधरा टक्क्यांवर आलेली असते, आणि अशी हवा पाणी दिसेल तिथून उचलून नेते.

लग्नानंतर पहिल्याच मे महिन्यात मी राजापूरला सासूबाईंना कूलर घेण्याचे सुचवले होते. त्यांनी नकार दिला नाही; शेजारच्या घरी मुंबईकर मुलाने आणून ठेवलेला कूलर तेवढा त्यांनी मला दाखवला. तो सुरू केला की खोलीतली हवा दमट होई, गाद्यांना ओल येई, पापड मऊ पडत आणि अंगाचा चिकटपणा वाढे. त्या दिवशी रत्नागिरीचा पारा ३३ किंवा ३४ असेल, म्हणजे अकोल्याहून तब्बल दहा अंश कमी. पण मला अकोल्याच्या दुपारी कधी झाली नव्हती अशी घालमेल तिथे होत होती. कपडे वाळत नव्हते, मिठाच्या बरणीत पाणी सुटले होते, आणि ओटीवर ठेवलेल्या माठातले पाणी माहेरच्या माठासारखे गार काही केल्या होत नव्हते. माठ तोच, माती तशीच. माठ गार होतो तो बाहेर झिरपलेले पाणी उडून गेल्यामुळे, आणि समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाने हवा आधीच भरलेली असेल तर ते पाणी उडणार कुठे?

माणसाचे शरीरही स्वतःला याच रीतीने थंड ठेवते. त्वचेवर आलेला एक लिटर घाम पूर्णपणे उडून गेला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून घेऊन जातो. बाहेरची हवा त्वचेपेक्षा अधिक तापलेली असते तेव्हा शरीरापाशी घामाशिवाय दुसरा उपाय उरत नाही. मात्र घाम नुसता येऊन भागत नाही, तो उडावा लागतो. कोकणात तो कपाळावरून ओघळतो, पाठीवरून सदऱ्यात मुरतो, हनुवटीवरून ताटात टपकतो. त्यातले पाणी जाते, मीठ जाते, पण उष्णता जिथल्या तिथे राहते. हृदय त्वचेकडे रक्त ढकलत राहते, नाडी वाढते, आणि शरीराचे आतले तापमान चाळीस अंशांच्या पुढे गेले की माणूस असंबद्ध बोलू लागतो किंवा शुद्ध हरपतो. तो उष्माघात असतो, आणि तिथून पुढे मिनिटामिनिटाला महत्त्व असते.

हवामानशास्त्राला हे पूर्वीपासून माहीत आहे. वेधशाळेच्या अंगणात पांढऱ्या रंगाची, चारी बाजूंनी झडपा असलेली लाकडी स्टीव्हन्सन पेटी उभी असते. तिच्यात एक साधा तापमापक असतो आणि त्याच्या शेजारी दुसरा, ज्याच्या फुग्याभोवती मलमलीची चिंधी गुंडाळलेली असते व चिंधीची वात खालच्या पाण्याच्या कुपीत सोडलेली असते. चिंधीतले पाणी उडते तसा हा दुसरा पारा खाली उतरतो; हवा जितकी कोरडी तितका तो अधिक उतरतो. अकोल्यात बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता बारा टक्के असेल तेव्हा ओल्या फुग्याचा पारा २२ च्या आसपास येऊन थांबतो. राजापुरात ३४ अंश आणि आर्द्रता सत्तर टक्के असताना तो २९ च्याही किंचित वर असतो. म्हणजे साध्या पाऱ्यावर अकोला दहा अंशांनी पुढे आहे, आणि शरीराला सुटका किती मिळेल हे सांगणाऱ्या ओल्या पाऱ्यावर राजापूर सात अंशांनी. ओल्या फुग्याचे तापमान ३५ अंशांवर गेले तर धडधाकट माणूसही सावलीत बसून काही तासांहून अधिक तग धरू शकत नाही, असे बरीच वर्षे मानले जात होते. अलीकडच्या प्रयोगांतून निरोगी तरुणांच्या बाबतीतही दमट हवेत ही मर्यादा त्याच्या बरीच अलीकडे, एकतीसच्या आसपास, येत असल्याचे दिसले आहे. यातून कोकणचा उन्हाळा अकोल्याच्या उन्हाळ्यापेक्षा वाईट ठरतो, असा निष्कर्ष मी काढणार नाही. माध्यान्हीच्या विदर्भात उघड्यावर उभे राहणाऱ्याला ऊन भाजून काढते आणि कोरड्या हवेत आपल्याला किती घाम गेला, याचा पत्ताही लागत नाही, कारण अंग ओले होतच नाही. दोन्ही ठिकाणचे धोके खरे आहेत; फरक असा की एका धोक्याची सूचना आकडा देतो आणि दुसऱ्याची देत नाही.

उष्णतेच्या लाटेची अधिकृत व्याख्याही तापमानावरच उभी आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश असले पाहिजे. शिवाय ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी चढलेले असले पाहिजे. ४५ अंश झाले की सरासरीकडे न पाहताही लाट धरली जाते आणि ४७ झाले की तीव्र लाट. या मोजपट्टीत राजापूरचा मे महिना बसत नाही. हवामान विभाग कोकणासाठी उष्ण व दमट हवामानाचा वेगळा इशारा देतो हे खरे आहे, २०२३ पासून तापमान आणि आर्द्रता एकत्र धरून काढलेला निर्देशांकही तो प्रायोगिक स्वरूपात दाखवू लागला आहे, आणि या दोन्ही गोष्टींचे मोल मला वाटते. पण लोकांच्या मनात ‘लाट’ या शब्दाचा जो दरारा आहे, तो दमट हवेच्या इशाऱ्याला अजून आलेला नाही.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर दुपारी लाखो लोक एका सरकारी पुरस्कार सोहळ्यासाठी बसले होते आणि उष्माघाताने त्यांतले चौदा जण गेले. त्या परिसरात पारा ३८ च्या आसपास होता. विदर्भातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. माझ्या भावाने त्या रात्री फोनवर मला हेच विचारले होते की अडतिसात इतकी माणसे कशी गेली? डोक्यावर छप्पर नसलेले मैदान, तासन्‌तास एका जागी बसणे, गर्दीमुळे अडलेला वारा आणि खाडीकाठची बाष्पाने जड झालेली हवा, या सगळ्यांचा हिशेब अडतीस या आकड्यात नसतो. दुर्घटनेनंतर दुपारच्या उघड्यावरच्या शासकीय कार्यक्रमांवर निर्बंध आले, ते योग्यच झाले. मला मात्र वाटत राहते की त्या आयोजनात कुणी आदल्या संध्याकाळी आर्द्रतेकडे पाहिले असते, तर कार्यक्रम सकाळी नऊच्या आत आटोपता आला असता.

मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात पारा केव्हा चढतो, याचे कारणही आपण सूर्यात शोधतो आणि ते असते वाऱ्यात. शाळेत आपण सगळेच खारे वारे आणि मतलई वारे पाठ करतो. दिवसा जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा आत येतो आणि किनाऱ्याला चाळिशीपासून वाचवतो; नेहमीच्या दिवशी तो दुपारी बाराच्या आसपास पोहोचतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये घाटमाथ्यावरून खाली उतरणारे पूर्वेचे कोरडे वारे जोरात असले, तर हा खारा वारा अडून राहतो, दोन-अडीच वाजेपर्यंत येत नाही, आणि तेवढ्या अवधीत पारा झपाट्याने वर जातो. मुंबईत मार्चमधला ४१.७ अंशांचा उच्चांक १९५६ सालचा आहे, एप्रिलमधला ४२.२ अंशांचा १९५२ सालचा. फेब्रुवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात मुंबई परिसराला उष्णतेच्या लाटेचा इशारा मिळाला, तोही अशाच वाऱ्यांमुळे. मे उजाडला की खारा वारा नियमित होतो, पारा तेहतीस-चौतिसावर स्थिरावतो, वर्तमानपत्रे दिलाशाची बातमी देतात, आणि नेमका तेव्हाच बाष्पाचा खरा जाच सुरू होतो.

या जाचाचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे रात्र. डोंबिवलीत आमच्या इमारतीमागे पत्र्याच्या घरांची एक ओळ आहे. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी तिथे राहतात. मेमध्ये त्या सकाळी येतात तेव्हाच थकलेल्या असतात. दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळी लवकर निवतो, पण त्याखालच्या विटांच्या भिंती आणि फरशी रात्री एक-दीडपर्यंत ऊब सोडत राहतात. गल्ली इतकी अरुंद की वारा शिरत नाही, आणि दार उघडे ठेवून झोपावे तर डास आणि चोरीची भीती. बाहेर किमान तापमान २७ असते, आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर, आणि आत त्याहून तीन-चार अंश अधिक सहज असावेत. दिवसाचा शीण भरून काढण्यासाठी शरीराला रात्री काही तासांचा गारवा लागतो. तो सलग चार-पाच रात्री मिळाला नाही की आधीच मधुमेह किंवा रक्तदाब असलेला माणूस ढासळतो. ‘उष्ण रात्र’ अशी एक अधिकृत नोंद आहे, पण ती दिवसाचे कमाल तापमान चाळिसाच्या वर असेल तरच धरली जाते. म्हणजे डोंबिवलीची मे महिन्यातली कुठलीही रात्र, तिथे कोणी डोळ्याला डोळा न लावता काढली तरी, सहसा उष्ण रात्र ठरणार नाही. ही व्याख्या किनारपट्टीपुरती बदलायला हवी, असे मला मनापासून वाटते. अकोल्यात निदान मध्यरात्रीनंतर गच्चीवर गार वारा लागतो. पाणी शिंपडलेल्या गच्चीवर आम्ही ओळीने गाद्या टाकायचो आणि पहाटे पायाशी ठेवलेली गोधडी ओढून घ्यावी लागे.

हेच बाष्प, जे कोकणात घाम सुकू देत नाही, ते पुढे देशावर आणि मराठवाड्यात गेले की आकाशात उभे राहते. एप्रिल-मेमधल्या हवामानाच्या पत्रकांत ‘वाऱ्याची खंडितता’ असा शब्दप्रयोग रोज भेटतो. विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकातून थेट केरळ-तमिळनाडूपर्यंत एक लांबट पट्टा तयार होतो. त्याच्या एका अंगाला वायव्येचे कोरडे वारे असतात, दुसऱ्या अंगाला समुद्रांवरून आलेले दमट वारे. दोन्ही जिथे भेटतात तिथली तापलेली, ओलसर हवा वर उठते. बराच वेळ वरचा उबदार कोरडा थर तिला झाकणासारखा दाबून धरतो, म्हणून सकाळपासून काहीच घडताना दिसत नाही, नुसते जिवाची तलखी होत राहते. दुपारी तीनच्या सुमारास ते झाकण कुठेतरी फुटते आणि अर्ध्या-पाऊण तासात ढगाचा खांब बारा-पंधरा किलोमीटर उंच चढतो. वर जाताना बाष्पाचे पाणी होते, पाण्याचे बर्फ होते, आणि समुद्रावर वाफ होताना घेतलेली सगळी उष्णता त्या ढगात परत सुटते. तिच्या बळावर ढग आणखी वर जातो. वर वाटाण्याएवढ्या बर्फकणांची आणि सूक्ष्म स्फटिकांची टक्कर होऊन विजेचे भार वेगळे होतात.

अंबाजोगाईजवळच्या माझ्या मावशीच्या शेतातून हे पाहणे हा एक अनुभव आहे. बालाघाटच्या माथ्यावर दुपारी पांढरा ढग दिसतो, त्याच्या कडा कापलेल्या फ्लॉवरसारख्या स्पष्ट असतात. त्या कडा धूसर होऊन माथा ऐरणीसारखा एका बाजूला पसरू लागला की खालची बाजू शाईसारखी होते. मग वारा पूर्ण पडतो. गोठ्यातल्या म्हशी कान टवकारतात, बोरीवरची साळुंक्यांची कलकल थांबते, आणि पाच-दहा मिनिटांनी डोंगराकडून तांबड्या धुळीची भिंत येते. पाऊस अजून शिवारापलीकडे असताना येणारा तो थंडगार वारा म्हणजे ढगातून खाली कोसळलेली हवा. पावसाचे थेंब वाटेतल्या कोरड्या हवेत उडून जातात, तिला गार आणि जड करतात, ती जमिनीवर आदळते आणि चारी दिशांना पसरते. अकोल्याच्या कूलरमध्ये घडते तेच इथे काही कोसांच्या विस्तारात घडलेले असते. अर्ध्या तासात पारा आठ-दहा अंशांनी उतरतो. मावशीचा घरातल्या सगळ्यांना दंडक आहे: “गार वारं सुटलं की आधी म्हशी झाडाखालून सोडा, मग घरात या, कांदा भिजला तर भिजू द्या, माणूस भिजायला बाहेर राहू नका.”

हा दंडक तिने विनाकारण घातलेला नाही. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये काढून वावरात पसरलेला असतो, त्याला पात झाकून सुकवायचे आणि मग चाळीत भरायचे असते. वळीव आला की सबंध घर ताडपत्र्या घेऊन धावते, आणि वीज नेमकी त्याच दहा मिनिटांत पडते. वीज पावसाबरोबरच पडते हा समज फार रुजलेला आहे. प्रत्यक्षात ती ढगापासून आठ-दहा किलोमीटर दूर, डोक्यावर ऊन असतानाही पडू शकते. लखलखाटानंतर गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, एवढी दोन गणिते प्रत्येक शेतमजुराला ठाऊक असायला हवीत. देशात दरवर्षी अडीच हजारांच्या वर माणसे विजेने मरतात. त्यांतली बहुतेक खेड्यांतली असतात. शेतात राबणारी, गुरे राखणारी, पाऊस आला म्हणून बांधावरच्या एकट्या आंब्याखाली किंवा लिंबाखाली उभी राहिलेली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बनवलेले ‘दामिनी’ हे ॲप आपल्या आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरांत वीज पडत असल्यास सावध करते. माझ्या मावसभावाच्या फोनवर ते आहे. पण फोन दुपारी चार्जिंगला घरात असतो आणि तो स्वतः वावरात, ही अडचण कुठल्याही ॲपला सोडवता येणारी नाही.

वळवाविषयी आपल्याकडे प्रेमाने लिहिले जाते, मृद्गंधाचे कौतुक होते, आणि त्यात खोटे काही नाही. तरीही २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या वासाबरोबर आडवा झालेला गहू आणि फुटलेले द्राक्षमणीही आठवतात. शहरेही त्यातून सुटत नाहीत. १३ मे २०२४ रोजी मुंबईत अशाच एका ढगाच्या पुढे आलेल्या धुळीच्या वाऱ्याने घाटकोपरला पेट्रोल पंपावर महाकाय जाहिरातफलक कोसळला आणि सतरा माणसे मेली. वारा होता हे खरे, पण तो फलक तिथे, तेवढा उभा होता हे त्याहून खरे. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, वळवाला वळीव म्हणण्याइतकीही सवड मिळाली नाही. मे महिना पावसातच गेला, नैर्ऋत्य मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला, जिथे त्याची नेहमीची तारीख ११ जून आहे; कुलाब्यात मे महिन्याच्या पावसाचा १९१८ पासूनचा विक्रम मोडला. फेब्रुवारीत कडक उन्हाळ्याचे मथळे वाचून तयारीला लागलेल्या कोकणात त्या मे महिन्यात कौले चाळायची राहिली, सरपण भिजले, आणि आमच्या राजापूरच्या अंगणात आमसुले व फणसाची साठे वाळवण्याजोगे सलग चार दिवस ऊन मिळाले नाही.

मे २०१० मधल्या भीषण लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. पुढे नागपूरनेही तो मार्ग धरला आणि आज महाराष्ट्रातल्या अनेक शहरांपाशी तसे आराखडे आहेत. पाणपोया, दवाखान्यांतल्या राखीव खाटा, बागा दुपारी उघड्या ठेवणे, कामाच्या वेळा बदलणे अशा साध्या, करता येण्याजोग्या गोष्टी त्यात असतात. त्यांतली कामाच्या वेळेची तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते आणि तीच सर्वांत कमी पाळली जाते. बांधकामावरचा मुकादम उद्याच्या कामाची वेळ आज संध्याकाळी सहा-सातच्या दरम्यान ठरवतो. मजुरांना निरोप तेव्हाच जातो. इशारा सकाळी दहाला मोबाइलवर आला तर तोवर माणसे स्लॅबवर चढलेली असतात आणि रोजावर पाणी सोडून खाली उतरणे कोणालाच परवडत नाही. इशारा द्यायचा तर तो आदल्या संध्याकाळी, आणि त्यात कमाल तापमानाच्या जोडीने रात्रीचे किमान तापमान व आर्द्रता यांना तेवढ्याच ठळक अक्षरांत जागा हवी.

आमच्या नातेवाइकांच्या गटावर मी एप्रिलपासून रोज संध्याकाळी तीन ओळी टाकते. अकोल्याला उद्याचा कमाल पारा आणि ऊन केव्हापासून टाळायचे ते, कारण भाऊ साइटवर असतो आणि त्याने काम साडेपाचला सुरू करून अकराला थांबवावे, हे त्याच्या ठेकेदारालाही आता पटले आहे. राजापूरला रात्रीचे तापमान आणि वाऱ्याची दिशा, म्हणजे सासरे पडवीत झोपतील की माडीवर, हे सासूबाईंना ठरवता येते. त्यांना चिमूटभर मीठ घातलेले कोकम सरबत दुपारी दोनदा दिले गेले का, हेही मी त्याच ओळीत विचारून घेते. मावशीसाठी मात्र आदल्या संध्याकाळची ओळ पुरत नाही, कारण ढग कुठल्या शिवारावर फुटेल हे तेव्हा कोणालाच ठाऊक नसते. तिच्या जिल्ह्याचा तीन तासांचा इशारा दुपारी आला की मी गटावर न लिहिता थेट तिच्या सुनेला फोन लावते, कारण त्या वेळी घरात तीच असते, आणि ती ओट्यावर येऊन वावराकडे तोंड करून हाक मारते.